एल्फिन्स्टन : काका की पुतण्या?

महोदय,

एल्फिन्स्टन पूल पाडायला घेतल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काही छापील लेखांतही एकच माहिती फिरते आहे. पेशवाई बुडवणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव म्हणे एल्फिन्स्टन रोड स्टेशनला होतं! अहो, तो मुंबई सोडून गेला १८२७ साली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ साली. आजच्या प्रभादेवी स्टेशनला नाव होतं ते त्याच्या पुतण्याचं, १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव, तेही पुतण्याचंच. एल्फिन्स्टन कॉलेज तेवढं काकाचं. काका-पुतण्यांचा घोळ मराठी मुलखाला नवा नाही म्हणा.

काका मात्र नीट ओळखून घ्यावा असा. १८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. त्यात त्याची पुस्तकं आणि टिपणं खाक झाली. पुढे जिंकलेल्या मुलखाचा कारभार त्याच्याच हाती आला. इंग्रजांना मारण्याचा कट उघडा पडला तेव्हा त्याने पुढाऱ्यांना सरळ तोफेच्या तोंडी दिलं. आणि याच माणसाने गव्हर्नर झाल्यावर पेशवे ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेचा पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. त्याला नुसता जुलमी म्हणणारे आणि नुसता विद्याप्रेमी म्हणणारे, दोघेही अर्धाच माणूस पाहतात.

त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात एकदा छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. ही कशाला, असं ब्रिग्ज या अधिकाऱ्याने विचारलं. इथल्या लोकांना शिकवायला, पण हाच आपला युरोपला परतायचा हमरस्ता आहे, असं त्याचं उत्तर. लोक शिकले की आपल्याला गाशा गुंडाळावा लागणार, हे ओळखून तो पुस्तकं छापून घेत होता!

गव्हर्नर जनरलचं पद नाकारून तो इंग्लंडात इतिहास लिहीत बसला. १८५९ मध्ये तो वारला, तेव्हा मुंबईच्या गादीवर पुतण्याच होता.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो छापताना खालचं जन्मसाल तेवढं बघावं, ही विनंती. १७७९ असेल तर काका, १८०७ असेल तर पुतण्या.

– एक वाचक, परळ