ठमीने काय उत्तर द्यावे?

पावस,
गौरीविसर्जनानंतर

प्रिय बायो,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व कुशल आहे. ह्यांचा खोकला गेला, सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. पत्र लिहायला बसले आहे ते ठमीसाठी. फोनवर हे बोलता आले नसते, कारण ह्या विषयाला आले की तू लगेच दूध उतू जाण्याचा बहाणा करतेस, आणि तुझ्या घरात एवढे दूध येत नाही हे मला ठाऊक आहे.

मी रविवारी शिकवायला जाते त्या रत्नागिरीच्या संस्थेतल्या ठमीला दत्तक घर मिळते आहे. कोल्हापूरकडचे जोडपे आहे. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, यादीत तिचा अहवाल आणि छायाचित्र पाहून त्यांनी ठरलेल्या 48 तासांत तिला राखून ठेवले आणि नंतर रत्नागिरीला येऊन भेटूनही गेले. आपण संस्थेत होतो तेव्हा आपल्याला जसे तेल लावून, वेण्या घालून ओळीत उभे करीत असत, तसे आता राहिलेले नाही, ह्याचे मला फार समाधान वाटते. त्या बाईंनी ठमीला नाव, इयत्ता, पाढे असले काही विचारले नाही. मांडी घालून तिच्याबरोबर सागरगोटे खेळत बसल्या आणि खरोखरच हरल्या. मला ती माणसे मनापासून आवडली. नऊ वर्षांच्या मुलीला कोणी मागणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे तुला सांगायला नको. सगळ्यांना तान्हे बाळ हवे असते, आणि पाच-सहा वर्षे उलटली की संस्थेतल्या मावश्यासुद्धा त्या मुलाच्या बाबतीत ‘दत्तक’ हा शब्द उच्चारीत नाहीत.

पण ठमीने समाजकार्यकर्तीला सांगितले, “चिंगीला पण नेणार असाल तर येते.”

चिंगी म्हणजे तिची संस्थेतली मैत्रीण. त्या जोडप्याने चिंगीला नेण्याची तयारी दाखवली तरी ते होण्यासारखे नाही. चिंगीचे वडील हयात आहेत. ते वर्षातून एखादे वेळी येतात, कधी बिस्किटांचा पुडा आणतात, कधी नुसतेच रडून जातात. मात्र त्यांनी मुलीवरचा हक्क सोडलेला नाही, त्यामुळे बाल कल्याण समिती तिला दत्तकासाठी मोकळी असल्याचे जाहीर करीत नाही. ठमीचे कोणीच नाही, म्हणून तिला कुटुंब मिळू शकते. चिंगीचे कोणीतरी आहे, म्हणून तिला मिळत नाही. हे नऊ-दहा वर्षांच्या मुलींना कसे समजावून सांगायचे? आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी असत्या तर शक्यतो एकाच घरी द्याव्या असे नियम सांगतो. पाच वर्षे एका चादरीखाली झोपलेल्या, तापात एकमेकींच्या कपाळावर घड्या ठेवलेल्या मुलींसाठी मात्र त्या सगळ्या कागदांत एक ओळ नाही. ह्याचा मला संताप येतो. आपण दोघी त्या न लिहिलेल्या ओळीवरच वाढलो ना?

ठमीच्या वयाच्या मुलीची संमती असल्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि मागच्या रविवारी मी शिकवून निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत मागोमाग आली व तिने मला विचारले, “मी काय सांगू?” मी तिला पुढच्या रविवारचा वायदा केला आहे. एसटी भाट्याच्या पुलावर आली तेव्हापासून तुला दत्तक घ्यायला आलेले पुण्याचे ते काका-काकू मला आठवत आहेत.

तू त्यांच्याकडे गेली नाहीस. त्यांच्या घरी मासे शिजत नाहीत म्हणून गेले नाही, असे तू सगळ्यांना सांगितलेस, आणि अधीक्षक बाईंनी ते खरे मानून त्या रात्री तुला बांगड्याचा जास्तीचा तुकडा वाढला. मीही बरीच वर्षे ते खरेच मानले. अठरा पूर्ण होऊन आपण बाहेर पडलो, त्या भाड्याच्या खोलीत स्टोव्हच्या रॉकेलवरून आपले कडाक्याचे भांडण झाले, तेव्हा तू एकदाच म्हणालीस, “तुझ्यापायी राहिले मी.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारले तर तू म्हणालीस की रागात माणूस काहीही बोलते. बायो, आता खरे सांग. माझ्यासाठी राहिली होतीस का? आणि राहिल्याचे तुला पुढे कधी वाईट वाटले का? उत्तर ‘होय’ असले तरी मला ते हवे आहे, कारण ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असे दुसरे माणूस मला माहीत नाही.

माझे स्वतःचे मत झाले आहे की ठमीने जावे. मैत्रीण दूर गेली तरी टिकते. घर मात्र नऊ वर्षांच्या मुलीसाठी पुन्हा दारात येऊन उभे राहीलच असे नाही. माझ्या पहिल्या ओवशाच्या, म्हणजे नव्या सुनेने गौरीला सुपे वाहण्याच्या वेळी, गौर पूर्वा नक्षत्रावर आली होती तेव्हा, सुपे माहेराहून कोण आणणार ह्यावर घरात कुजबुज सुरू झाली होती, आणि तू नाशिकहून रात्रभर प्रवास करून, सुपे डोक्यावर घेऊन, भर पावसात खळ्यात येऊन उभी राहिलीस. त्या दिवसापासून वाडीत मला कोणी ‘माहेर कुठले’ असे विचारलेले नाही. ह्या वर्षी तर आरतीनंतर मोठ्या काकांनी गाऱ्हाणे घालताना मुंबईच्या चाकरमान्यांची नावे घेतली, गुरावासरांचे झाले, आणि मग कोणी न सुचवता ते म्हणाले, “हिच्या माहेरच्या माणसांना सुखी ठेव रे म्हाराजा.” सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. माझ्या माहेरची माणसे म्हणजे तू एकटी, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. मी आत जाऊन उगाच नारळ सोलीत बसले.

तर ठमीने जावे. पण त्या जोडप्याने चिंगीचे नाव घरात निषिद्ध करू नये. दत्तक गेल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाची चौकशी होते. त्या चौकशीत मूल जेवते का, शाळेत जाते का, हे पाहतात, तसेच तिला मैत्रिणीशी बोलू देता का, हेही पाहावे, असे मी समाजकार्यकर्तीला सांगणार आहे. नियमात नसले म्हणून काय झाले, माणसाने माणसाला सांगायला नियम लागत नाही.

खरी चिंता चिंगीची आहे. ठमी गेल्यावर ती त्या चादरीखाली एकटी राहील. तिला दत्तक देता येत नसले तरी प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे लोक ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्याखाली, एखाद्या कुटुंबात ठेवता येते. ह्यांच्याजवळ मी विषय काढला. ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले आणि मग म्हणाले, “शाळा इथली की रत्नागिरीची?” म्हणजे त्यांची तयारी आहे. सासूबाईंनी मात्र नेमके बोट ठेवले: “उद्या बाप न्यायला आला तर तुला सोसेल का?” मला सोसेल की नाही हे मला कळत नाही. त्याहून अधिक मला ही भीती वाटते की ठमी गेली म्हणून उरलेल्या चिंगीला मी भरपाई म्हणून घरी आणते आहे, असे तिला वाटेल. संस्थेतल्या मुलाला दया दुरून ओळखता येते. मला ती चिंगी म्हणून हवी आहे, तिच्या त्या हेकटपणासकट, जेवताना दुसऱ्याच्या ताटातला पापड मोडण्याच्या सवयीसकट. पण हे तिला कोणत्या शब्दांत सांगावे? तुला त्या काळी कोणी काय म्हटले असते तर विश्वास बसला असता?

तुझी बदली रद्द झाली हे वाचून बरे वाटले. मुलाला दहावीच्या वर्षी सारखे बोलू नकोस. कोकमे आणि कुळथाचे पीठ येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे. आमसुले ह्या वर्षी थोडी ओलसर आहेत, तेवढी उन्हात टाक.

रविवारच्या आत उत्तर लिही. लिहिणे जमले नाही तर शनिवारी रात्री फोन कर, आणि आधी पुण्याच्या काका-काकूंविषयी बोल, दूध नंतर.

तुझी,
माहेरवाशीण