ओटीपी मागितलाच नाही, साहेब

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. मध्यंतरी एक निवृत्त मुख्याध्यापिका लॅपटॉप पोटाशी धरून दुकानात आल्या. म्हणाल्या, ‘‘कंपनीचा माणूस व्हायरस काढत होता आत. तो गेला का बघा जरा.’’ माणूस गेला होता. खात्यातले पैसेही गेले होते. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

झालं होतं ते असं. उकडीच्या मोदकांची कृती शोधताना स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, ‘संगणक बंद कराल तर सगळं पुसलं जाईल’ अशी इंग्रजी धमकी आली आणि खाली फोन नंबर. म्हणजे फोन चोराने केला नाही, बाईंनीच केला. पलीकडचा मुलगा अगदी आदबीने बोलला. त्याने एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा संगणक बघायचं-चालवायचं ॲप, घ्यायला लावलं, त्यावर दिसणारे आकडे विचारले आणि आत शिरला. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली : ‘‘मॅडम, हे सगळे व्हायरस.’’

त्या खुणा माझ्या दुकानातल्या नव्याकोऱ्या मशीनवरही दिसतात. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी विंडोज त्याची नोंद करून ठेवतं. काही भामटे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘ट्री’ एवढाच शब्द टाइप करतात. फोल्डरांची नावं सरसर पळू लागतात. नावं थांबली की खाली स्वतःच टाइप करतात, ‘व्हायरस सापडला’. गणपतीच्या जत्रेतला जादूगारसुद्धा याहून जास्त मेहनत घेतो.

पुढे ‘सुरक्षा शुल्क’ म्हणून थोडी रक्कम भरायला सांगितली. बाईंनी नेट बँकिंग उघडलं, तेव्हा पडद्यावर त्या एकट्या नव्हत्या. ओटीपी त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितला नाही, आणि हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मोबाइल लॅपटॉपला जोडलेला होता, मेसेज पडद्यावरच उमटत होते. सांगायची गरजच पडली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, की तुमच्या खात्याच्या जाहिराती अजून ओटीपीपाशीच थांबल्या आहेत. ओटीपी सांगू नका हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण ‘स्क्रीन दाखवू नका’ असं सांगणारं पोस्टर मी एसटी स्टँडवर पाहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल बँकांना सावध केलं ते २०१९ च्या फेब्रुवारीत. ती सूचना माझ्या गिऱ्हाइकांपर्यंत आजही पोचलेली नाही. खऱ्या इशाऱ्यात मायक्रोसॉफ्ट कधीच फोन नंबर देत नाही, हे एक वाक्य त्या बाईंना आधी कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी पॉवरचं बटण दाबून धरलं असतं आणि मोदकांकडे वळल्या असत्या. लाल स्क्रीन म्हणजे फक्त एक वेबपान असतं. बंद केलं की संपलं.

हा धंदा परका नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली मुलं करखात्याचे अधिकारी बनून अमेरिकनांना धमकावत होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली, त्यातही तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरं होती. तेव्हा आपण पेपर वाचून ‘लांबचे लोक फसतात’ म्हणून सोडून दिलं. आता तीच युक्ती मराठी-हिंदीत आली आहे. वॉशिंग मशीन बिघडलं, गॅस आला नाही, की माणूस इंटरनेटवर कस्टमर केअर शोधतो आणि वर दिसेल तो नंबर फिरवतो. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ हा महावितरणच्या नावाचा मेसेज तर माझ्या स्वतःच्या वडिलांना आला होता. ते फोन लावणारच होते. बिल भरल्याची पावती टेबलावर होती म्हणून वाचले.

खरा नंबर सहज हाताशी नसतो, म्हणून खोटा सापडतो. वीजबिलावर, पासबुकाच्या पहिल्या पानावर, गॅसच्या पुस्तकावर तो मोठ्या मराठी अक्षरांत छापायची सक्ती तुमच्या एकट्याच्या हातात नसेल, पण सहकाऱ्यांना एक पत्र लिहिणं तर आहे.

आणि पोलीस ठाण्याचं. बाई आधी तिथेच गेल्या होत्या. ‘आमच्याकडे नाही, सायबरला जा, आता उद्याच’ असं उत्तर मिळालं. त्यांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर कुणी सांगितला नाही. तो लगेच फिरवला तर पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता येतात. एका रात्रीत ते चार खाती ओलांडतात. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग हद्दीचं कारण कसलं? निदान ठाणे अंमलदाराने समोरच्याच्या मोबाइलवरून १९३० लावून द्यावा, एवढा आदेश काढा.

त्या बाईंना दहा दिवसांनी परत फोन आला. ‘‘तुमचे गेलेले पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा.’’ या वेळी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी ‘हॅलो’ म्हणताच तो कट झाला.

दुकानाच्या काचेवर मी स्केचपेनने लिहून ठेवलंय : ‘लाल स्क्रीन आली तर बटण दाबा, फोन लावू नका. पैसे गेले तर १९३०.’ अक्षर बरं नाही. तुमच्या खात्याचं पोस्टर आलं की काढून टाकीन.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, सातारा