मॅडम, आधी आईशी बोललात आणि टेस्ट नंतर घेतलीत, त्यासाठी थँक्यू

मॅडम,

लिहीन लिहीन म्हणता बरेच दिवस गेले. तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण हे सगळ्यांसमोर लिहावंसं वाटलं, कारण आत्ता या क्षणी कितीतरी घरांत कुणीतरी आपल्या आईला किंवा वडिलांना "अगं आत्ताच सांगितलं ना तुला" असं म्हणत असेल, जसा मी म्हणायचो.

आईला घेऊन तुमच्या दवाखान्यात आलो तेव्हा आमचं ठरूनच गेलं होतं की तिला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालाय. बाबांना जाऊन सात महिने झालेले, त्याआधी तीन वर्षं त्यांचं सगळं तीच करत होती, रात्री चार चारदा उठायची आणि सकाळी आम्हाला काही कळूही द्यायची नाही. मग हळूहळू गॅस चालू राहायला लागला, नातवाला हाक मारताना नाव अडकायला लागलं, एकच गोष्ट तासाभरात दोनदा सांगायची. एका ठिकाणी दाखवलं तर भर दुपारी दोन तास गर्दीत बसवून ठेवलं, आणि मग माझ्यासमोरच दहा मिनिटांत स्मरणशक्तीची टेस्ट उरकून ३० पैकी २१ मार्क, वयाप्रमाणे होणारच, असं सांगून मोकळे झाले. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलायलाच घाबरायला लागली, चुकलं तर?

तुम्ही पहिल्या दिवशी टेस्टचा कागद बाहेरच काढला नाहीत. मला बाहेर बसवलंत आणि तिला विचारलंत, शेवटची सलग झोप कधी लागली होती. तिने नंतर मला सांगितलं की हा प्रश्न तिला तीन वर्षांत कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. ती खूप रडली म्हणे, आणि तुम्ही तिला रडू दिलंत.

मग मला आत बोलावून कागदावर मेंदू काढून समजावलंत ते अजून लक्षात आहे. ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, ते थोडा वेळ वाढून उतरलं तर ठीक, पण वर्षानुवर्षं चढलेलंच राहिलं तर त्रास, आणि आठवणी साठवणारा मेंदूचा जो भाग, हिप्पोकॅम्पस, त्याच्यावर या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जागा, भरपूर असतात. उंदरांच्या मेंदूत ते १९६८ मध्ये ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले. नंतर १९९८ मध्ये सोनिया ल्युपियन यांच्या टीमने दाखवलं की ज्या वयस्कर माणसांचं कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं चढत राहिलं आणि जास्तच होतं, त्यांचा हिप्पोकॅम्पस बाकीच्यांपेक्षा सुमारे १४ टक्के लहान होता आणि स्मरणशक्तीच्या टेस्टमध्येही ते मागे पडले. मी हे ऐकून हबकलो होतो, तर तुम्ही लगेच म्हणालात, घाबरवायला सांगत नाहीये, कुठे काय करता येईल ते कळावं म्हणून सांगतेय.

आणि ज्या गोष्टीने माझे डोळे उघडले ती तर वेगळीच. त्याच टीमच्या २०१३ च्या अभ्यासात वयस्कर लोकांची टेस्ट अनोळखी जागी, दुपारी, त्यांना ताण येईल अशा पद्धतीने घेतली तर कॉर्टिसॉलही वाढलं आणि आठवणही कमी भरली, सोयीच्या वेळी सोयीच्या वातावरणात घेतली तर निकाल बरा आला. म्हणजे त्या दुपारी मोजली ती आईची भीतीसुद्धा होती! आणि घरी मी दर तासाला "काल काय सांगितलं, आठवतंय का" म्हणत तीच परीक्षा घेत होतो. ते मी त्याच दिवशी बंद केलं.

तुम्ही बी-१२, थायरॉईड, एमआरआय सगळं करून घेतलंत, नुसतं 'टेन्शन आहे' म्हणून सोडून दिलं नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हातारपणातलं डिप्रेशन कधीकधी अगदी डिमेन्शियासारखं दिसतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतं, हे तुम्ही लपवलं नाहीत. मग बाबांबद्दल बोलायला दर आठवड्याला तुमच्याकडे यायचं, झोपेची वेळ ठरवायची, आणि रोज चालायचं. चालण्यावर आईचा विश्वास नव्हता, तेव्हा तुम्ही तिला २०११ चा तो अभ्यास सांगितलात, १२० वयस्कर लोक, वर्षभर आठवड्यातून तीनदा चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस जवळपास दोन टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी बूट घालून तयार.

पाच महिन्यांनी सकाळी, तुमच्या त्याच खोलीत, टेस्टच्या दुसऱ्या, प्रश्न बदललेल्या व्हर्जनमध्ये ३० पैकी २७ आले. तुम्ही आनंद दाखवलात पण लगेच सांगितलंत की हा एक आकडा आहे, वर्षभर बघत राहायचं. मला ते ऐकून उलट जास्त धीर आला.

अजून ती नावं विसरते. पण आता थांबते, हसते आणि म्हणते, येईल आठवण, घाई नको. कालच पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख तिने स्वतः कॅलेंडरवर लिहिली, खाली कंसात लिहिलंय, सकाळची वेळ.

तुमचा,
तिचा मुलगा