चंद्रकळा कशाला हवी होती, ते

लाइपझिग,
१२ जून २०२५

प्रिय मंजू,

"भर उन्हाळ्यात आजीची चंद्रकळा कशाला गं हवी तुला?" असं तू विचारलंस आणि मी उत्तरादाखल नुसता डोळा मारणारा चेहरा पाठवला. तरी तू आईकडे गेलीस, कपाटातून ती शोधून काढलीस, वर डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून दोन दिवस गच्चीवर टाकलीस आणि माझ्या ऑफिसातल्या मुलाच्या बॅगेत कोंबलीस. एवढं केल्यावर तुला खरं उत्तर मिळायलाच हवं. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच "अगं पण या वयात?" म्हणाली असतीस आणि गाडी तिथेच अडली असती. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर आपल्या नाशिकची, संक्रांतीची, लाल काठाची काळी चंद्रकळा मी नऊवारी नेसून, खाली जाड तळाचे बूट घालून, नाकात नथ आणि डोळ्यांत बोटभर काजळ अशा थाटात इथल्या क्लारा झेटकिन पार्कमध्ये भर दुपारी गेले. एकटी नव्हते. आजूबाजूला हजारो माणसं काळ्या कपड्यांत होती. घेरदार झगे, उंच टोप्या, लेसच्या छत्र्या, चांदीच्या मुठीच्या काठ्या. गवतावर चादरी अंथरून केक खात होती.

दरवर्षी पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या, जोडून सुट्टीत, शुक्रवार ते सोमवार, या शहरात वेव्ह-गोटिक-ट्रेफन हा संगीत महोत्सव भरतो. जगभरातले वीस हजारांच्या आसपास गॉथ, म्हणजे गूढ-उदास संगीताचे आणि काळ्या पोशाखाचे शौकीन, येतात, दोनशेच्या आसपास बँड वाजवतात. जागा एक नाही. तळघरं, जुनी नाट्यगृहं, चर्च, उद्यानं, सगळं शहरच चार दिवस काळं होऊन जातं. मनगटावर महोत्सवाची पट्टी असली की ट्राम फुकट. ११ नंबरच्या ट्राममध्ये भाजीची पिशवी घेतलेल्या आजीबाईंच्या शेजारी शिंगं लावलेला सहा फुटी माणूस बसतो आणि ती त्याला पिशवी जरा धर म्हणते. मुख्य तळ दक्षिणेकडे, आग्रा नावाच्या मैदानावर. ताजमहाल नाही गं, पूर्व जर्मनीच्या काळातलं कृषी प्रदर्शनाचं मैदान आहे ते. जिथे एकेकाळी ट्रॅक्टर आणि बक्षीसपात्र डुकरं मांडत, त्या हॉलमध्ये आता धुराची यंत्रं चालतात.

पार्कातल्या त्या जेवणावळीला व्हिक्टोरियन पिकनिक म्हणतात. माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई गेली काही वर्षं मला ओढून नेताहेत. यंदा मला पाहून त्यांनी विचारलं, हे कुठल्या काळातलं? मी म्हटलं, अहो, व्हिक्टोरिया आमचीही राणी होतीच की. तिच्या राज्यात आमच्या नाशकातल्या बायका संक्रांतीला हेच नेसत होत्या. माझ्याइतका अस्सल व्हिक्टोरियन पोशाख तुमच्या या अख्ख्या हिरवळीवर नसेल! बाई हसून हसून केक सांडेपर्यंत हसल्या.

पण मग काळ्या रंगाचा विषय निघाला आणि आम्ही दोघी बराच वेळ त्यावरच बोलत बसलो. युरोपातला हा काळा पोशाख सुतकाचा. नवरा, प्रिन्स अल्बर्ट, १८६१ मध्ये गेला तेव्हापासून १९०१ मध्ये स्वतः मरेपर्यंत व्हिक्टोरियाने काळंच घातलं. तिच्या मागोमाग विधवेच्या कपड्यांचं, दागिन्यांचं एक अख्खं शास्त्रच तयार झालं. गॉथ बायकांनी पुढे उचललं ते हेच. आपल्याकडे उलटं. चंद्रकळा सवाष्णीची, हौसेची, नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीची. आणि विधवेच्या वाट्याला, ज्या घरांत केशवपन करत त्या घरांत, आलवण. तेही लाल! बाईंना हे पटता पटेना. लाल रंग शिक्षा म्हणून? म्हटलं, हो. माझ्या पणजीच्या बहिणीचा तसला फोटो आहे आमच्याकडे. आई तो भिंतीवर लावू देत नाही.

आईचं तुला माहीतच आहे. "काळं फक्त संक्रांतीला." कॉलेजात मी काळा कुडता घातला की तिच्या कपाळावर आठी. म्हणजे या वेडाचं मूळ तसं तुझ्या-माझ्यातच आहे. होस्टेलवर एका वॉकमनचा एकच इयरफोन वाटून, एक कान तुझा, एक कान माझा, आपण 'द क्युअर' या इंग्लिश बँडची ती कॅसेट ऐकायचो. कोणीतरी कोणाकडून तरी भरून आणलेली, दुसऱ्या बाजूला अर्धवट गझला. शब्द निम्मे कळायचे नाहीत. तू म्हणायचीस, हा माणूस रडतोय की गातोय? मला तेव्हा सांगता आलं नव्हतं, पण मला बांधून ठेवायची ती बेस गिटार. एरवीच्या रॉकमध्ये ती मागे गुमान ठोके धरते. इथे तीच चाल चालवते, खालच्या पट्टीत, आणि गिटार वरून नुसतं धुकं सोडत राहते. ढोल म्हणशील तर कित्येकदा माणूसच नसतो. इंग्लंडातल्या लीड्सच्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या बँडने १९८० च्या सुमारास एक ड्रम मशीन घेतलं, त्याला डॉक्टर अ‍ॅव्हलँश असं नाव दिलं आणि आजतागायत ते यंत्र बँडचा सभासद म्हणून मिरवतंय. बँडमधली माणसं बदलली, डॉक्टर टिकले.

सुरुवात कुठून धरायची यावर इथे रात्र-रात्र वाद चालतात. बहुतेक जण १९७९ म्हणतात, इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनच्या चार पोरांनी पडद्यावरच्या ड्रॅक्युलावर, बेला लुगोसीवर, नऊ मिनिटांहून लांब गाणं केलं तेव्हापासून. बँडचं नाव बाउहाउस, म्हणजे इथून तासाभरावर वायमारला निघालेली ती कलाशाळा. मग १९८२ मध्ये लंडनच्या सोहोत बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि रात्री जायला एक ठिकाण झालं. माझं मत विचारशील तर या सगळ्याची खरी आई म्हणजे इंग्लिश गायिका सूझी सू. तिने ते काजळ डोळ्याबाहेर ओढलं नसतं तर बाकीच्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

पण मला इतिहास कळला तो खालच्या बाईंमुळे. त्या साठीच्या उंबरठ्यावर आहेत, एका शाळेच्या कचेरीत काम करतात, आणि तरुणपणी पूर्व जर्मनीत 'ग्रुफ्टी' होत्या. गॉथांना तिकडे तेच म्हणत. दुकानात काळे कपडे मिळायचे नाहीत, म्हणून आईच्या चादरी पातेल्यात रंगवायच्या. केस उभे राहावेत म्हणून साखरेचं पाणी, मग उन्हाळ्यात माश्या! गाणी पश्चिमेच्या रेडिओवरून टेप करायची, निवेदक मध्येच बोलला की शिव्या घालायच्या. पोलीस रस्त्यात अडवून ओळखपत्र मागायचे, स्टासीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, कागदांत तर या पोरांचा पंक, स्किनहेड यांच्या रांगेत वेगळा कप्पाच होता. १९८८ साली वालपुर्गिसच्या, म्हणजे ३० एप्रिलच्या, रात्री पोट्सडाममधल्या एका पडक्या राजेशाही वास्तूपाशी ही पोरं जमली, तर पोलिसांनी हुसकून लावलं. बाईंचा भाऊ होता त्यात. बर्लिनची भिंत पडली, १९९० च्या उन्हाळ्यात 'द क्युअर' चक्क लाइपझिगला आले, आणि १९९२ मध्ये कॉनेविट्झ भागातल्या एका क्लबात पहिलं ट्रेफन भरलं. म्हणजे आज जी गंमत म्हणून परदेशी पाहुणे बघायला येतात, ती त्या हुसकून लावलेल्या पोरांनी मांडलेली पंगत आहे. २००० साली तर महोत्सव चालू असताना मध्येच आयोजकांचं दिवाळं निघालं. तरी लोक उठून गेले नाहीत, जमेल तसं निभावून नेलं.

आता रात्रीचं सांगते, कारण पार्कातला प्रकार मला खरं तर थोडा जास्तच झालाय. कॅमेरेवाल्यांची गर्दी, पोझ देणारे, निम्मे लोक नुसते वेशभूषा स्पर्धेला आल्यासारखे. माझी या वेळची ठरलेली जागा मोरिट्सबास्ताय. सोळाव्या शतकातला किल्ल्याचा बुरूज, युद्धानंतर मलब्याने बुजलेला. सत्तरच्या दशकात विद्यापीठातल्या पोरांनी कुदळ-फावडी घेऊन तो मोकळा केला. त्या पोरांमध्ये भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनीही होती, पुढे चॅन्सेलर झालेली अँगेला मेर्केल. जमिनीखाली विटांच्या कमानी, ओल, धूर, हेअरस्प्रे आणि पॅचुलीचा वास. कोट खिडकीत द्यायचा, बिल्ला घ्यायचा, हातावर शिक्का, की तुम्ही आत.

आणि मंजू, तिथे कोणी कोणाला हात लावत नाही. हे तुला नीट कळावं म्हणून पुन्हा लिहिते. अंधार, गर्दी, दारू, पहाटेचे दोन, आणि कोणी हात लावत नाही. आपण दोघी त्या एका थर्टी फर्स्टला हॉटेलातून कशा भिंतीला पाठ लावून बाहेर पडलो होतो ते आठवतंय ना? इथे जो तो आपापल्या दोन फरश्यांवर नाचतो. तीन पावलं पुढे, तीन मागे, हात हवेत जाळी झाडल्यासारखे. जोडीने नाचायचं बंधन नाही, कोणी बोलवायला यायची वाट बघायची नाही. चुकून धक्का लागला तर तो शिंगवाला राक्षस अदबीने माफी मागतो. फोटो हवा तर आधी विचारतात. नऊवारीचा कासोटा नाचायला किती सोयीचा आहे हे आजीला कळलं असतं तर काय म्हणाली असती! लेसच्या झग्यातल्या बाया स्वतःच्याच घोळात पाय अडकवून घेत होत्या, मी मात्र झकास.

आणि वय. त्यासाठीच हे सगळं लिहितेय. त्या तळघरात माझ्या डावीकडे विशीतली पोरगी होती, उजवीकडे गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा. पांढरे केस, पण बाजूने भादरलेले. पुढे बाई आणि त्यांची मुलगी. कोणी कोणाकडे "अजून यांचं चाललंय" अशा नजरेने बघत नव्हतं. आपल्याकडे रात्र ही पंचविशीपर्यंतची चीज. त्यानंतर बाईने रात्री घराबाहेर असायचं ते जागरण-गोंधळाला, नाहीतर दवाखान्यात. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, एकटी राहते, आणि तुमच्या सगळ्यांच्या हिशेबाने माझं आता तीर्थयात्रांचं सुरू व्हायला हवं. इथल्या या मंडळींनी मरणाची चित्रं अंगावर गोंदून घेतलीत खरी, पण म्हातारपणाला लाजत कोणी नाही. कदाचित त्यामुळेच लाजत नसतील.

सगळंच गोड आहे असं समजू नकोस. वीस हजारांत माझ्या रंगाची माणसं मोजकीच. काही बँडांच्या मैफिलींना करड्या लष्करी गणवेशातले, चेहऱ्यावर रेघ न हलवणारे पुरुष येतात. ते कला म्हणून की मनातूनच कट्टर उजव्या विचारांचे म्हणून, यावर या मंडळींतच वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. मी त्या भांडणात पडत नाही, तसल्या दारातून मागे फिरते. सॅक्सनीत, म्हणजे इथल्या राज्यात, राहून एवढा अंदाज येतोच. आणि वेगळं दिसण्याची किंमत काय असू शकते तेही सांगते. इंग्लंडात लँकेशरमधल्या बेकप गावात २००७ मध्ये सोफी लँकेस्टर नावाची वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र बागेतून चालले होते. केवळ गॉथ दिसतात म्हणून पोरांच्या टोळक्याने त्यांना तुडवलं. तो वाचला, ती गेली. तिची आई नंतर शाळाशाळांतून बोलत फिरली आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी असे हल्ले द्वेषाचे गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. इथल्या पोरापोरींना तिचं नाव माहीत आहे.

रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या दुपारी, आम्ही दक्षिणेच्या दफनभूमीत फिरायला गेलो होतो. सुमारे ८० हेक्टरची बाग आहे ती, माणसं चालून दमतात. तू म्हणशील, स्मशानात सहलीला? पण तिथे एरवीही लोक लेकरांना घेऊन येतात, बाकांवर बसून सँडविच खातात. बाईंनी आपली जागा घेऊन ठेवलीय, ती मला दाखवली. बुकिंगचा दर ऐकून मी गारच पडले. नाशकातला टू बीएचके आठवला.

बरं, आता कामाचं. पुढच्या वर्षी पेंटेकॉस्टचा रविवार २४ मेला आहे, म्हणजे तुझी शाळा बंद. तू ये. व्हिसाचं मार्चमध्येच बघ, मुंबईत तारखा मिळत नाहीत. राहायचं माझ्याकडे. कपड्यांची काळजी करू नकोस, तुझी ती काळी पैठणी आण, जी तू "फार उदास दिसते" म्हणून एकदाच नेसलीस. टाचांच्या चपला नकोत, इथे सगळे रस्ते दगडी फरशांचे आहेत. रात्रीच्या बसेस स्टेशनवरून १:११, २:२२ आणि ३:३३ ला सुटतात, तू २:२२ च्या बसने परत गेलीस तरी चालेल, मी रागावणार नाही. कानात घालायचे बोळे मी आणून ठेवीन.

आईला पार्कातल्या केकपर्यंतचं सगळं सांग. नऊवारी नेसले होते हे ऐकून खूश होईल. तळघराचं मी सांगेन तिला, दिवाळीत आल्यावर, तू समोर असताना.

तुझी,
अनू