दोन वॉशर की तीन?

नागपूर, रविवार

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या दे, ऐकून घेतो. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ताब्यात.

फियाटचा अल्टरनेटर गेला. तोच, तू आणि अण्णांनी अंगणात बसवलेला. रामटेकहून येत होतो. मनसरला लाल दिवा लागला, कन्हानपर्यंत हेडलाइटचे कंदील झाले आणि कामठीत गाडी बंद. सेल्फ नुसता टिकटिक करे. ढकलताना तुझी आठवण आली बे. तू ढकलायचास कमी, ओरडायचास जास्त.

वायरिंगवाल्याने मीटर लावला. इंजिन सुरू असताना बॅटरीवर 12.1 व्होल्ट, चौदाच्या आसपास हवेत. उघडलं तर कार्बन ब्रश पार झिजलेले, दोन डायोड शॉर्ट, वाइंडिंग काळंठिक्कर. जळक्या व्हार्निशचा वास अजून नाकात आहे. तो म्हणतो, "भाऊ, मारुती 800 चा टाकून देतो, स्वस्तात होईल. फक्त ब्रॅकेट कापावा लागंल."

तो ब्रॅकेट, सुध्या! अण्णांनी तीन रात्री कानशीने घासलेला, तू टॉर्च धरून शेजारी. त्याची खाच एका बाजूला किंचित तिरपी आहे, अंगठा फिरवला की लागते. जुना डायनामो काढून हा अल्टरनेटर लावला म्हणून मी तुझ्याशी महिनाभर बोललो नव्हतो. चूक माझी होती. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनामोचं चार्जिंग पडायचं, दिवे मंद व्हायचे. ते तुमच्यामुळेच थांबलं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, अण्णांसमोर.

ब्रॅकेट कापू दिला नाही. वाइंडिंग नव्याने भरायला दिलंय. कार्बन, डायोड प्लेट, दोन्ही बेरिंग नवीन. पण दुकानातल्या पोराने खोलताना ब्रॅकेटमागचे वॉशर डब्यात टाकले, तिथल्या शंभर वॉशरांत. पुली अर्धा सूत जरी सरकली तरी बेल्ट कडेने खातो. अल्टरनेटरची रिकामी बॉडी लावून पाहिली: दोन टाकले तर पुली आत जाते, तीन टाकले तर नट पुरता बसत नाही. सकाळपासून हेच चाललंय. विचारायला अण्णा नाहीत. तूच आहेस.

वहिनींना नमस्कार. पोरीच्या निकालाचं कळव, नव्या घराचंही सांग.

पण आधी वॉशरचं लिही. दोन होते की तीन? त्यातला एक पितळेचा होता ना, पातळ?

तुझा,
विन्या