मांडीवरच्या बाळाला हात पुरत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आलेत, आता मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून कोकणात निघतील आणि हायवेवर दरवर्षी दिसतं तेच परत दिसणार. पुढच्या सीटवर आई नाहीतर आजी, तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ, बेल्ट कुणालाच नाही, किंवा आईला बेल्ट आणि बाळ नुसतं हातात. मी नववीला विज्ञान शिकवते, आमचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पेपरात पूर्ण मार्क घेतात, आणि त्याच घरातलं धाकटं भावंड असं मांडीवर बसून फिरतंय, हे बघवत नाही म्हणून लिहितेय.

कुणालाही सांगून बघा, उत्तर ठरलेलं असतं, "अहो मी घट्ट धरलंय ना!" आता हे गणित बघा, नववीच्या पोराला येतं. गाडी 60 च्या स्पीडला आहे म्हणजे सेकंदाला साधारण 16.7 मीटर. समोर आदळली तर गाडी थांबायला साधारण 0.1 सेकंद लागतो. बाळ 10 किलोचं. म्हणजे त्याचा संवेग (वजन गुणिले वेग) 167, तो 0.1 सेकंदात शून्यावर आणायचा तर बल लागतं 1670 न्यूटन, म्हणजे 170 किलो वजन उचलायला लागेल तेवढं. तेही आधी कल्पना नसताना, डोळ्याची पापणी लवायच्या आत. माया कितीही असू दे, कुठल्याच आईच्या हातात एवढी ताकद नसते, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

मुळात आपली समजूत अशी की धडक बसली की माणूस पुढे फेकला जातो. कुणी फेकत नाही हो. एसटीत उभ्यानं प्रवास करताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात, तेव्हा मागून कुणी ढकललेलं असतं का? बस थांबली, आपण त्याच वेगानं चालत राहिलो, एवढंच. न्यूटननं 1687 साली मांडलेला पहिला नियम हाच. त्यामुळे गाडी थांबल्यावरही बाळ 60 च्याच वेगानं पुढे जातंय, त्याला काहीतरी थांबवणारच, प्रश्न फक्त एवढाच की बेल्ट थांबवणार की डॅशबोर्ड. बेल्ट थोडा ताणला जातो, थांबायला वेळ देतो आणि बल छाती-कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून टाकतो. डॅशबोर्डवर तोच वेग दोन-चार सेंटिमीटरमध्ये संपतो, म्हणून बल कितीतरी पट वाढतं.

"आम्ही जोरात चालवतच नाही" असंही म्हणतात. 40 च्या वेगानं आदळणं म्हणजे सहा मीटरवरून, दुसऱ्या मजल्यावरून पडणं. वेग दुप्पट करून 80 केला तर चौथा नाही, आठवा मजला होतो, कारण गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे अंगात असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गानं वाढते. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर बाळ बसवेल का कुणी?

एक प्रकार याहून वाईट, तो म्हणजे आई आणि बाळ दोघांवरून मिळून एकच बेल्ट. दिसायला सेफ वाटतं, पण आई 60 किलोची असेल तर 60 च्या वेगाच्या त्याच धडकेत तिचं शरीर एक टनाच्या घरातल्या बलानं बेल्टवर दाबलं जातं आणि मधे असतं ते बाळ! शिवाय पुढे एअरबॅग, ती सेकंदाच्या तीसाव्या-पंचविसाव्या हिश्श्यात उघडते आणि मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावरच येते. ती मोठ्या, बेल्ट लावलेल्या माणसासाठी केलेली आहे.

तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनियरनं आणला, आधी तो विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करायचा, आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं. एवढी चांगली वस्तू आयती मिळाली आणि आपल्याकडे लोक बेल्ट न लावल्यावर गाडीत वाजणारा आवाज बंद करायला खोट्या क्लिपा विकत घेतात, 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विकू नका असा आदेश काढावा लागला. चीड येते.

कायदा आहेच, मोटार वाहन कायद्याच्या 194बी कलमानुसार 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट (गाडीच्या सीटवर पक्की बसवायची लहान मुलांची खुर्ची) नसेल तर 1000 रुपये दंड. पण दंडाच्या भीतीनं नको, गणित पटलं म्हणून करा. बाळाची चाइल्ड सीट मागच्या सीटवर लावा, तान्ह्या बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या सीटची गादी आणि पाठ यांच्या फटीत हात घातला तर लोखंडी कड्या लागतात, त्या याच सीटसाठी असतात, मालकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. गाडीची चावी देताना शोरूमवाले नारळ फोडतात, पेढे देतात, फोटो काढतात, तेव्हाच या कड्याही दाखवायला काय हरकत आहे?

विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती, या आठवड्यात वर्गात हे 10 किलोचं गणित घाला आणि घरी आईबाबांकडून सोडवून आणायला सांगा. आणि संपादक साहेब, तुम्ही गणपतीपर्यंत पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ते छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा