सुपर बोलचे आकडे छापलेत, आता विल्यम लुईसबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सुपर बोलवरचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलवरचा लेख वाचला, जाहिरातींचे रेट, खेळाडूंचे पगार सगळं आलं, पण हा खेळ मुळात कॉलेजच्या पोरांनी वाढवला त्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितोय. मी कॉलेजात कबड्डीचा कोच आहे आणि त्या सुरुवातीच्या काळातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे विल्यम हेन्री लुईस.

जन्म १८६८, व्हर्जिनिया, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. ॲमहर्स्ट कॉलेजात गेले आणि १८९१ ला तिथल्या टीमचे कॅप्टन झाले. गोऱ्या पोरांचा काळा कॅप्टन, तेही १८९१ साली! आपल्या बाळू पालवणकरांसारख्या बॉलरला जातीमुळे हिंदू टीमचं कॅप्टनपद दिलं गेलं नाही हे आठवलं की याची किंमत कळते.

मग हार्वर्डला लॉ करता करता सेंटर खेळले. सेंटर म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहून पायांमधून चेंडू मागे देणारा आणि पुढच्याच क्षणाला समोरच्याचा धक्का अंगावर घेणारा, आणि लुईसांचं वजन फक्त ८० किलोच्या आसपास! नुसत्या ताकदीवर हे जमत नाही, पाय कुठे आणि खांदा कुठे हे डोक्यात पक्कं लागतं, आमच्या कोपरारक्षकाला विचारा. १८९२ आणि १८९३ दोन्ही वर्षी ऑल-अमेरिका टीममध्ये, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांतून निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, तिथे निवड झालेले पहिले काळे खेळाडू.

आणि याच १८९३ मध्ये हार्वर्ड जिथे आहे त्या केंब्रिज गावच्या एका न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. हार्वर्डचा स्टार खेळाडू, तरी नकार! लुईस गप्प बसले नाहीत, पाठपुरावा करून मॅसॅच्युसेट्सचा भेदभावविरोधी कायदाच वाढवून घेतला.

१८९५ ते १९०६ वकिली सांभाळून हार्वर्डला कोचिंग केलं, मुख्यतः डिफेन्स. १८९६ ला फुटबॉल कसा खेळावा यावर पुस्तकही लिहिलं. १९११ ला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना असिस्टंट ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाचा सहायक नेमलं, तोवर अमेरिकी सरकारच्या कार्यकारी विभागात एवढ्या वरच्या पदावर कुणी काळा माणूस पोचला नव्हता. तरी अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेतून त्यांना काढायचा घाट घातला गेलाच, हे वाचून मला अजून राग येतो. लुईसांनी राजीनामा दिला नाही आणि खुद्द ॲटर्नी जनरल विकरशॅम यांनी हजारो सदस्यांना पत्र पाठवून त्यांची बाजू घेतली.

१९४९ ला ते गेले. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं ते २००९ ला, ६० वर्षांनी.

पुरवणीत त्यांना अर्धं पान द्या ही विनंती. माझ्या टीममधली दोन पोरं सध्या लॉ करतायत, घरचे रोज खेळ सोड म्हणून मागे लागलेत, त्यांच्या घरी ते कात्रण मी स्वतः घेऊन जाईन.

आपला,
एक कबड्डी कोच, सांगली